मुरमावरून सायकल

मुरमाच्या रस्त्याला लागण्याआधी चाकातली हवा सोडायची असते. चाळीस मिलिमीटर रुंदीचा टायर डांबरावर टणक चालतो. तोच पस्तीस पीएसआयच्या आसपास उतरवला की खडीवरून उडत नाही, तिच्यावर बसतो. शहापूरहून डोळखांबकडे जाताना डांबराच्या शेवटच्या टोकाला मी हे काम उरकत असतो, तेव्हा कुणी ना कुणी विचारतंच, "पंक्चर झाली का?" "नाही, हवा काढतोय," म्हटलं की विचारणारा थोडा वेळ उभा राहतो. पैसे देऊन भरलेली हवा फुकट सोडून देणारा माणूस त्याला पाहायचा असतो.

अशा रस्त्यांसाठी हल्ली वेगळी सायकल निघाली आहे. तिचं हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वळलेलं, टायर रुंद आणि गिअर चढासाठी हलके असतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 2006 साली खडीच्या रस्त्यांवर एक शर्यत सुरू झाली. 2022 मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आपल्याकडे मात्र जुनी, जाड टायरची गिअरची सायकलही पुरते. यंत्रापेक्षा रस्ता वाचता येणं महत्त्वाचं.

रस्ता वाचायचा तर तो कसा होतो ते माहीत हवं. खाली डबराचं सोलिंग, त्यावर हाताच्या मुठीत मावेल अशी खडी, मग मुरूम, पाणी आणि रोलर. कागदोपत्री याला डब्ल्यूबीएम म्हणतात. सह्याद्रीचा काळा दगड हवा-पाण्याने कुजून मुरूम होतो. त्यातली माती ओली झाली की खडीच्या फटींत जाऊन बसते आणि सगळं धरून ठेवते. पण शहापूर-मुरबाडला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दोन-तीन पावसाळ्यांत ती माती गटाराने निघून जाते आणि खडी उघडी पडते. मग उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरलंच. अशा जागी वजन मागे न्यायचं, कोपर सैल ठेवायचं आणि पुढच्या चाकाऐवजी दहा-बारा हात पुढे बघायचं. जीपच्या चाकांनी दाबलेल्या दोन पट्ट्या चांगल्या असतात. मधला उंचवटा सुट्या खड्यांचा. पट्टी बदलायची तर आडवं, एका झटक्यात. रेंगाळलं की चाक मधल्या खड्यांत फसतं.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत अशा वाटा भरपूर आहेत. डोळखांबवरून डेहण्याकडे आजोबा डोंगराच्या पायथ्याला, धसईच्या आसपास गोरखगडाखाली, नारिवलीजवळ सिद्धगडाच्या बाजूने. ऑक्टोबरात भाताची खाचरं पिवळी असतात, फेब्रुवारीत पळस फुलतो आणि सागाची पानं चाकाखाली मोडतात. अर्धा-अर्धा दिवस मोटार भेटत नाही. भेटतात ती गुरं, मोळी घेऊन येणाऱ्या बाया आणि शाळा सुटलेली मुलं. मोळी डोक्यावर असलेल्या बाईला मागून येणारी सायकल ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येक वळणाआधी घंटी वाजवायची. वाहन नसलेल्या रस्त्यावर घंटीची गरज जास्त असते, हे इथेच कळतं.

फिरता फिरता एक गोष्ट लक्षात येत गेली. रस्ता रिकामा असतो त्याला कारण असतं, आणि सगळीकडे कारण एक नसतं. मला इथे तीन कारणं दिसली.

पहिलं कायद्याचं. शहापूरच्या उत्तरेला तानसा अभयारण्य आहे. 1892 मध्ये मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेल्या तानसा धरणाभोवतीचं हे रान. धरणाचा दगडी बांध अडीच किलोमीटरहून लांब आहे. पाण्यासाठी पाणलोट राखला, म्हणून साग, ऐन आणि खैर उभे राहिले. नामशेष झाला असं शतकभर समजला गेलेला रानपिंगळा 1997 मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडला आणि 2014 मध्ये तानशातही दिसला. मुरबाडच्या पूर्वेला, सिद्धगडाच्या अंगाला, 1985 साली घोषित झालेलं भीमाशंकर अभयारण्य आहे. इथल्या वनरस्त्यांचा मुरूम सुरेख असतो, कारण त्यावरून वनखात्याची एखादी जीप आणि वणवा अडवणाऱ्या जाळरेषा साफ करणारे मजूर सोडले तर फारसं कुणी जात नाही. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि सायकलीला त्यात सूट नाही. सायकल आवाज करत नाही, हा तिचा गुण इथे दोष ठरतो. भेकराला मोटार दुरून कळते, सायकल अगदी जवळ आल्यावर. परवानगी असेल तरच, आणि सकाळी उजाडल्यानंतर आत जायचं. दुपार कलली की बाहेर पडायचं.

या शांततेची किंमत एका बिबट्याने दाखवून दिली. 2009 मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला बाहेर काढून, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याने गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव 'आजोबा'. तो घाट उतरला आणि मुंबई-आग्रा महामार्ग व रेल्वे ओलांडून, सुमारे 120 किलोमीटर चालून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. या वाटेवर त्याने कुणावरही हल्ला केला नाही. 2011 च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. त्याला चालायला ज्या रिकाम्या जागा लागल्या, त्यांच्याच कडेने आपण हौसेने सायकल चालवतो.

दुसरं कारण सोडून दिल्याचं. कल्याण बंदरातून मुरबाडमार्गे नाणेघाट चढून जुन्नरला जाणारी वाट सातवाहनांच्या काळी गजबजलेली होती. घाटाच्या गुहेत नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि वर दगडी रांजण. त्यात जकात जमा होई असं सांगतात. आता मोटारी माळशेजने जातात आणि नाणेघाटात फक्त पायी चढणारे उरले. वैशाखऱ्याला सायकल कुणाच्या तरी ओट्यावर ठेवायची आणि पुढे चालायचं. ही वाट चाकांची नव्हेच, लदलेल्या बैलांची होती. नव्या रस्त्याने जुना रिकामा होण्याचा हा खेळ अजून चालू आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो आणि त्यावर सायकलीला मज्जाव आहे. खालून, खांबांच्या मधून, गुराख्यांच्या गाडीवाटा जातात. मात्र जिथे खदानी आणि क्रशर आहेत तिकडे फिरकू नये. महामार्गांची खडी याच डोंगरांतून निघते आणि डंपरपुढे सायकलस्वाराचं काही चालत नाही.

तिसरं कारण सांगायला अवघड आहे, कारण माझ्या आवडीच्या बहुतेक वाटा त्यातच येतात. पाड्यावर जाणारा रस्ता रिकामा असतो, कारण तिथे डांबर पोचलेलंच नाही. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाटीवर 500 लोकवस्तीच्या गावाला आणि अनुसूचित आदिवासी क्षेत्रात 250 लोकवस्तीच्या गावाला पक्का रस्ता धरला होता. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. पण ठाकरांचे, कातकऱ्यांचे, वारल्यांचे कितीतरी पाडे पंधरा-वीस घरांचेच असतात. ते त्या आकड्याखाली राहतात. त्यात जमीन वनखात्याची. 2006 च्या वनहक्क कायद्यात रस्त्यासारख्या सोयीसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते, पण तो कागद फिरून येईपर्यंत मुरमावरून दोन पावसाळे जातात. मग आजारी माणसाला झोळीत घालून डांबरापर्यंत आणायचं. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात याच खडीवरून टँकर हेलकावत वर चढतो. मला ज्या वळणावर गिअर बदलायची मजा येते, तिथेच त्याचं निम्मं पाणी सांडतं.

शिवाय ही खडीही कुणीतरी फोडलेली आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं सुरू झाली आणि पुढे 1977 मध्ये तिचा कायदा झाला. राज्यभर हजारो बायांनी उन्हात बसून हातोडीने दगड फोडले आणि असे रस्ते घातले.

एका पाड्यावर पाणी मागायला थांबलो होतो. पाणी देणाऱ्या मावशींनी विचारलं, "रस्ता कसा वाटला?" मी म्हटलं, "छान आहे, गाड्या नाहीत." त्या म्हणाल्या, "गाड्या नाहीत म्हणून तर बाजार पाठीवर आणावा लागतो." बोलण्यात राग नव्हता. त्या मला माहिती देत होत्या.

म्हणून आता कुणी या भागातल्या वाटा विचारल्या की मी आधी विचारतो, कुठल्या प्रकारचा रिकामा रस्ता हवा? कायद्याने रिकामा असेल तर परवानगी काढा आणि वेळ पाळा. तो तसाच राहिला पाहिजे, त्यासाठी आपण कमी गेलो तरी चालेल. सोडून दिलेला असेल तर बिनधास्त जा. आणि उपेक्षेने रिकामा असेल तर जा, पाड्यावर चहा घ्या, काकडी-चिबूड विकत घ्या, पण तो असाच राहावा असं मनात आणू नका. तिथे डांबर पडेल, रिक्षा येईल, शाळेतल्या मुलीला एसटी मिळेल आणि आपली एक वाट जाईल. जाऊ दे. डोंगराच्या कडेने हवा कमी करून चालवण्याजोग्या वाटा सायकलवाल्याला आणखी सापडतील. त्या पाड्याला मात्र दुसरा रस्ता नाही.