ट्रॅक्टर कुणाचा, हप्ता कुणाचा?

परवा डाळिंबाच्या बागा पाहून परतताना एका वस्तीवर चहाला थांबलो. पत्र्याच्या शेडमध्ये दोन ट्रॅक्टर उभे होते. एक जुना, निळा रंग उडालेला, पुढे ‘फोर्ड’ अशी अर्धवट अक्षरे. दुसरा नवा कोरा, हाराची वाळलेली फुले अजून तशीच. म्हातारे तात्या म्हणाले, “साहेब, हा फोर्ड माझा अन् तो नवा पोराचा. माझ्या ट्रॅक्टरची कंपनी कुठं गेली कुणाला ठावं नाही. पोराच्या ट्रॅक्टरची कंपनी परदेशातली, शोरूम तालुक्याला अन् हप्ता भरायचा तिसऱ्यालाच. मग आपण यवहार केला कुणाशी?”

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देता देता चहा गार झाला.

आधी तात्यांच्या फोर्डचे पाहू. अमेरिकेच्या फोर्डने १९६९ साली एस्कॉर्ट्स या आपल्याकडच्या कंपनीशी भागीदारी केली आणि १९७१ पासून फरिदाबादला ट्रॅक्टर निघू लागले. त्या काळात देशात परकीय चलनाची टंचाई होती. आयातीला परवाना, कारखान्याला परवाना. परदेशी कंपनीने एकटीने येऊन दुकान थाटावे अशी सोयच नव्हती. म्हणून जो आला तो इथल्या कुणाचे तरी बोट धरून आला. इंटरनॅशनल हार्वेस्टर १९६३ मध्ये महिंद्राबरोबर आली, मॅसी फर्ग्युसन चेन्नईच्या टाफेबरोबर. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे तंत्र घेऊन एचएमटीने ट्रॅक्टर काढला. परदेशी तंत्राशिवाय उभा राहिलेला ठळक ट्रॅक्टर म्हणजे पंजाबचा स्वराज. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत त्याचा आराखडा झाला आणि १९७४ मध्ये तो बाजारात आला. (पुढे २००७ मध्ये तोही महिंद्राने घेतला, हा भाग वेगळा.)

ही कंपन्यांची भागीदारी म्हणजे आपल्या सामाईक विहिरीसारखीच. एकाने जागा द्यायची, दुसऱ्याने खोदाईचा खर्च करायचा आणि पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या. परदेशी कंपनी यंत्राचे ज्ञान आणि भांडवल आणते. इथली कंपनी जागा, परवाने, माणसे आणि मुख्य म्हणजे तालुक्या-तालुक्यातले विक्रेते आणते. कुठल्या गावात उसाची वाहतूक जास्त, कुठे काळ्या रानात नांगरट जड, उधारी कुणाची बुडत नाही, हे परदेशातल्या साहेबाला काय कळणार? ते कळतं तालुक्याच्या शोरूमवाल्याला. खरी किंमत त्या ओळखीची असते.

आणि सामाईक विहिरीसारखाच वादही होतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डने जगभरचा आपला ट्रॅक्टरचा धंदा इटलीच्या फियाट गटाला विकला. नवे मालक न्यू हॉलंड या नावाने पुढे आले. त्यांनी भारतात स्वतःचा कारखाना काढला, एस्कॉर्ट्सने आपला ट्रॅक्टर फार्मट्रॅक नावाने विकायला सुरुवात केली. तात्यांच्या शेडमधला ट्रॅक्टर तोच राहिला, नाव मात्र बाजारातून गेले.

१९९१ नंतर परवान्याची अडचण सैल झाली, तरी बोट धरण्याची पद्धत गेली नाही. जॉन डिअर ही अमेरिकेची मातब्बर कंपनी. तिनेसुद्धा १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळ सणसवाडीला लार्सन अँड टुब्रोबरोबर निम्मी-निम्मी भागीदारी केली. हिरवा ट्रॅक्टर ‘एल अँड टी’च्या नावासह आपल्या शिवारात आला. मग २००५ मध्ये भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन कंपनी एकटी मालक झाली. जपानच्या कुबोटानेही तसेच केले. आधी एस्कॉर्ट्सबरोबर एकत्र कारखाना, मग २०२० मध्ये थोडे शेअर, मग आणखी शेअर. २०२२ मध्ये कंपनीचे नावच एस्कॉर्ट्स कुबोटा झाले. पाहुणा ओसरीवरून माजघरात येतो तसे टप्प्याटप्प्याने.

यात परदेशी तेवढे हुशार आणि आपण भोळे असे समजू नका. महिंद्रा कंपनी १९९४ मध्ये अमेरिकेत ट्रॅक्टर विकायला गेली. तिथेही शेतकरी रोखीने घेतोच असे नाही. म्हणून पुढे महिंद्रा फायनान्सने नेदरलँडच्या राबोबँक गटातल्या कंपनीबरोबर तिथे कर्ज देणारी वेगळी भागीदारी कंपनी काढली. यंत्र आपले, पण कर्ज देताना जोडीला तिथला जाणकार घेतला.

तात्यांच्या प्रश्नातला तिसरा माणूस तो हाच. ट्रॅक्टर कितीही चांगला असो, गिऱ्हाईकाच्या खिशात पैसे नसतील तर तो शोरूममध्येच गंजणार. पूर्वी बँकेत गेलो की बागायत किती, सातबारा, आठ-अ, जमिनीवर बोजा, जामीनदार. दोन हंगाम चपला झिजवायच्या. कंपन्यांनी ही नाडी ओळखली आणि कर्ज देणारी आपली कंपनी काढली किंवा दुसऱ्या कर्ज कंपनीशी जोडी जमवली. आता शोरूममध्येच एका टेबलावर ट्रॅक्टर दाखवतात, शेजारच्या टेबलावर कर्ज देतात. दोन दिवसांत ट्रॅक्टर दारात. सोय आहे, नाकारून चालणार नाही. मी स्वतः कित्येकांना हा रस्ता सांगितला आहे.

पण त्या दुसऱ्या टेबलावर डोळे उघडे ठेवा. हिशेबासाठी आकडे धरू. कर्ज सहा लाख, मुदत पाच वर्षे, सहामाही दहा हप्ते. ‘व्याज फक्त नऊ टक्के’ असे सांगितले. हे नऊ टक्के ‘फ्लॅट’ असतील तर व्याज पाचही वर्षे पूर्ण सहा लाखांवर धरतात, मुद्दल फिटत आले तरी. म्हणजे व्याज दोन लाख सत्तर हजार, हप्ता ८७ हजार. तेच नऊ टक्के घटत्या शिलकेवर असतील तर हप्ता साधारण ७५ हजार ८०० आणि एकूण व्याज एक लाख ५८ हजारांच्या आसपास. फरक एक लाखाच्या वर! फ्लॅट नऊ टक्के म्हणजे खरे पाहता वर्षाला जवळजवळ १५ टक्के पडतात.

कधी कंपनी ‘कमी व्याजाची योजना’ काढते. तेव्हा व्याजाचा काही भार कंपनी उचलते आणि रोखीच्या गिऱ्हाईकाला मिळणारी सूट कर्जवाल्याला मिळत नाही, असे होऊ शकते. म्हणून आधी रोखीचा भाव विचारा, मग हप्ता विचारा. विमा, फाइलचा खर्च, अवजारे कर्जात धरली का, तेही लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, भागीदारी तुटली तरी कर्ज तुटत नाही. मॅसी फर्ग्युसनचे नाव कुणी वापरायचे यावरून टाफे आणि अमेरिकेची ॲग्को यांच्यात २०२४ मध्ये वाद कोर्टात गेला. आमच्याकडे फोन आले, “साहेब, पार्ट मिळतील का?” २०२५ मध्ये तडजोड झाली आणि भारतात ते नाव टाफेकडे राहिले. पण त्या काळात कुणाचा हप्ता थांबला होता का? मुळीच नाही. हमीपत्रावर कुणाचे नाव आहे आणि कर्जाच्या करारावर कुणाचे, ही दोन वेगळी घरे आहेत.

कर्ज फिटल्यावरही एक काम उरते. आमच्या भागातल्या एका तरुणाने शेवटचा हप्ता भरून पेढे वाटले. दोन वर्षांनी ट्रॅक्टर विकायला गेला तर आरसी बुकावर कर्ज कंपनीचा बोजा तसाच! फॉर्म ३५ वर कंपनीची सही आणि ना-हरकत दाखला मिळवायला तो चार महिने फिरला. तोवर गिऱ्हाईक निघून गेले.

हे सगळे सांगून झाल्यावर तात्यांच्या पोराने कपाटातून कराराची पिशवी आणली. व्याजदराच्या रकान्यात बारीक अक्षरांत ‘फ्लॅट’ लिहिले होते. तात्यांनी मला तो शब्द मोठ्याने वाचायला लावला, मग चष्मा काढून पोराला म्हणाले, “उद्या सकाळी गाडी काढ. शोरूमला जाऊ.”