खेळासाठी कॉलेज सोडायचं का? अमेरिकेत त्याला नियम आहेत, बीडच्या पोरांचं गणित मात्र वेगळंच आहे

६ फेब्रुवारी २०२४. दक्षिण आफ्रिकेतलं बेनोनीचं मैदान आणि अंडर-१९ वर्ल्ड कपची सेमीफायनल. भारतासमोर २४५ धावांचं टार्गेट होतं आणि ३२ धावांत ४ विकेट पडल्या होत्या. मॅच हातातून गेली असं वाटत असताना बीडचा सचिन धस मैदानात आला. त्यानं ९५ बॉलमध्ये ९६ धावा केल्या, कॅप्टन उदय सहारनसोबत १७१ धावांची पार्टनरशिप केली आणि भारत दोन विकेटनी जिंकून फायनलमध्ये गेला.

आपल्या जिल्ह्यातला पोरगा असा टीव्हीवर दिसला की दहावी-बारावीतल्या अनेक पोरांच्या डोक्यात एकच विचार येतो. आता पुस्तकं बाजूला ठेवायची आणि फुल टाइम खेळायचं. आईबापाच्या डोक्यात मात्र उलटा प्रश्न असतो. खेळ नाही जमला तर पुढं काय?

हा प्रश्न फक्त बीडचा नाही. अमेरिकेत दरवर्षी जानेवारी महिन्यात कॉलेजमधल्या फुटबॉल खेळाडूंना हाच निर्णय घ्यावा लागतो. फरक एवढाच की तिथं या निर्णयासाठी एक ठरलेली सिस्टीम आहे. ती आधी बघू, मग बीडकडं येऊ.

अमेरिकेत नेमकं काय होतं?

अमेरिकन फुटबॉल म्हणजे अंड्याच्या आकाराचा बॉल हातात घेऊन पळायचा खेळ. त्याची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. तिच्यात ३२ टीम आहेत. नवे खेळाडू घेण्यासाठी दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो. आयपीएलच्या लिलावात जास्त पैसे लावेल त्याला खेळाडू मिळतो, ड्राफ्टमध्ये मात्र टीम आपापल्या नंबरानुसार खेळाडू निवडतात. अशा एकूण ७ फेऱ्या होतात.

बारावी झाली की थेट या ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही. शाळा संपल्यावर किमान तीन वर्षं जावी लागतात. मॉरिस क्लॅरेट नावाच्या खेळाडूनं या नियमाला कोर्टात आव्हान दिलं होतं, पण २००४ मध्ये अपिलात तो हरला आणि नियम कायम राहिला. त्यामुळं बहुतेक खेळाडू ती वर्षं कॉलेजच्या टीमकडून खेळतात. तीन वर्षं झाली की त्यांच्यासमोर प्रश्न येतो. डिग्री पूर्ण करायची की आत्ताच ड्राफ्टला नाव द्यायचं? नाव दिलं, मुदतीत मागं घेतलं नाही आणि ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, तर कॉलेजच्या टीमचं दारही सहसा बंद होतं.

म्हणूनच तिथं एक सोय केलेली आहे. निर्णय घेण्याआधी खेळाडू एनएफएलच्या सल्लागार समितीकडं मत मागू शकतो. समितीचं उत्तर साधारण तीन प्रकारचं असतं. तू पहिल्या फेरीत जाशील, दुसऱ्या फेरीत जाशील, नाहीतर बाबा, कॉलेजमध्येच थांब. हे मत पाळायचं बंधन नाही, पण पोरगं निदान आपली किंमत माहीत करून घेऊन पाऊल टाकतं.

दुसरा बदल २०२१ मध्ये झाला. कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि फोटोच्या जाहिरातीतून पैसे कमवायची परवानगी मिळाली. घरच्या अडचणीमुळं घाईत कॉलेज सोडणाऱ्यांना त्यामुळं थांबायचं एक कारण मिळालं.

मग आपल्याकडं असं काही आहे का?

क्रिकेटमध्ये तर कॉलेज आणि लीग यांचा एकमेकांशी संबंधच नाही. आयपीएलच्या लिलावात तुमची डिग्री कुणी विचारत नाही. तिथं विचारतात ते तुम्ही कुठल्या लेव्हलवर खेळलात हे. २०२२ च्या लिलावाआधी एका नियमाची बरीच चर्चा झाली होती. १९ वर्षांखालच्या खेळाडूनं किमान एक फर्स्ट क्लास किंवा लिस्ट ए सामना खेळलेला असला पाहिजे, असा तो नियम. म्हणजे वर्ल्ड कप जिंकलेल्या पोरालाही आधी आपल्या राज्याच्या टीममध्ये जागा मिळवावी लागणार.

बीडच्या पोरासाठी राज्याची टीम म्हणजे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन, आणि तिचं मुख्य केंद्र पुण्यात. खेळासाठी कॉलेज सोडा असं कुणी सांगत नाही. पण सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस, पुण्याच्या फेऱ्या, महिनाभर चालणाऱ्या स्पर्धा आणि ७५ टक्के हजेरी हे सगळं एकत्र बसत नाही, आणि कॉलेज हळूहळू सुटत जातं.

सचिन धसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. त्याचे वडील आरोग्य खात्यात आणि आई पोलीस दलात. घरात दोन सरकारी पगार. पोराला काही वर्षं फक्त खेळू द्यायचं ठरवलं तर घर चालू शकतं. ज्या घरातले आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्या घरातल्या पोराकडं ही सवलत नसते. अशा कितीतरी पोरांची शाळा खेळाचा विचार डोक्यात यायच्या आधीच, स्थलांतरामुळं सुटते.

आयपीएलमध्ये नाव आलं म्हणजे झालं का?

शेजारच्या धाराशिव जिल्ह्याचं उदाहरण घ्या. तुळजापूरचा फास्ट बॉलर राजवर्धन हंगरगेकर २०२२ चा अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकणाऱ्या टीममध्ये होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत चेन्नई सुपर किंग्जनं त्याला दीड कोटीला घेतलं. त्याची बेस प्राइस होती ३० लाख. २०२३ मध्ये पहिल्याच मॅचमध्ये त्यानं ३ विकेट घेतल्या. पण त्या सीझनमध्ये तो दोनच मॅच खेळला. नोव्हेंबर २०२४ च्या मेगा लिलावात लखनौनं त्याला पुन्हा ३० लाखांना घेतलं.

राजवर्धन कमी पडला असा याचा अर्थ नाही. आयपीएलचा करार म्हणजे कायमची नोकरी नाही, एवढंच यातून समजून घ्यायचं. फॉर्म, दुखापत आणि टीमची गरज यांवर दर काही वर्षांनी आकडा बदलतो. आणि हे त्या पोरांचं झालं, जी लाखो पोरांमधून निवडून तिथपर्यंत पोचली.

राहुल द्रविडनं ज्युनियर क्रिकेटमधली हीच काळजी २०१५ मध्ये एका भाषणात बोलून दाखवली होती. पुढच्या वर्षी बीसीसीआयनं नियम केला की एका खेळाडूला एकच अंडर-१९ वर्ल्ड कप खेळता येईल. पोरांनी ज्युनियरमध्येच अडकून पडू नये आणि नव्यांनाही जागा मिळावी हा त्यामागचा विचार.

बीडचा खरा 'ड्राफ्ट' कुठं होतो?

बीडच्या गावागावात पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात. त्यातली किती आयपीएलसाठी पळत असतात? बहुतेकांच्या डोक्यात असते भरती. आर्मी नाहीतर पोलीस. या जिल्ह्यातल्या पोरांसाठी खेळातून पगारापर्यंत नेणारा खरा रस्ता हाच आहे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आईवडील वीटभट्टीवर कामाला, शाळा सहा-सात किलोमीटर लांब आणि जायला गाडी नाही. अविनाश बारावी झाला आणि सैन्यात भरती झाला. खेळाडू म्हणून नाही, साधा जवान म्हणून, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनला ड्युटी केली, राजस्थानात केली. पळण्याच्या स्पर्धांमध्ये तो २०१५ च्या सुमारास उतरला, तोही सैन्यातल्या क्रॉस कंट्री शर्यतीतून.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं २०१८ मध्ये गोपाल सैनी यांचा ३७ वर्षं जुना नॅशनल रेकॉर्ड मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत सिल्व्हर, २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये गोल्ड आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची फायनल.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये तो पडला आणि गुडघ्याला मोठी दुखापत झाली. ज्याची कमाई फक्त लीगच्या करारावर असते, त्याच्यासाठी असा दिवस म्हणजे सगळंच संपल्यासारखं. अविनाशकडं मात्र सैन्याची नोकरी आहे. आणि त्या नोकरीच्या दारात तो बारावी पूर्ण करून उभा राहिला होता.

आता या रस्त्यातही बदल झाला आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. भरती झालेला अग्निवीर चार वर्षांसाठी असतो आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढं कायम केलं जातं. जनरल ड्युटीसाठी दहावी पास आणि ४५ टक्के मार्क लागतात. म्हणजे नववीत शाळा सोडलेला पोरगा कितीही जोरात पळाला तरी अर्जच भरू शकत नाही. आणि चार वर्षांनी बाहेर आला तर हातात बारावी किंवा डिग्री आहे की नाही, हे पहिलं बघितलं जाणार.

तालमीतल्या पोरांचं काय?

कुस्तीत तर घर सोडायचं वय आणखी कमी. पोरगं १२-१३ वर्षांचं झालं की पुणे किंवा कोल्हापूरच्या तालमीत जातं. पाटोद्याचा राहुल आवारे असाच पुण्याच्या तालमीत घडला. आधी रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार यांच्या हाताखाली. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या कॉमनवेल्थमध्ये ५७ किलोत गोल्ड आणि २०१९ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ६१ किलोत ब्राँझ. राज्य सरकारनं त्याला थेट पोलीस उपअधीक्षक केलं.

राहुलची ही गोष्ट तालमीतल्या प्रत्येक पोराला पाठ असते. पण थेट नेमणूक मोठी आंतरराष्ट्रीय मेडल आणणाऱ्या मोजक्या खेळाडूंनाच मिळते. बाकीच्यांसाठी आहे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण. इथं अनेकांचा गैरसमज होतो. या आरक्षणात मेडलचं सर्टिफिकेट लागतं, त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी लागते आणि त्या पदासाठी ठरलेलं शिक्षणही लागतं. पद पदवीधरासाठी असेल तर नॅशनलचं मेडल असूनही बारावी नापास खेळाडूला त्याचा उपयोग होत नाही.

कॉलेज सोडलं की खेळातलं काय काय सुटतं?

ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये उतरायचं तर शाळेत नाव लागतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती शिडी आहे. त्यातल्या कामगिरीवर दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे २५ पर्यंत मार्क मिळतात. पुढं विद्यापीठाच्या टीममधून अश्वमेध आणि खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सपर्यंत जाता येतं.

आणि अमेरिकेतल्या ड्राफ्टच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट इथंच घडली. प्रो कबड्डी लीगच्या २०२२ च्या लिलावाच्या यादीत खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सच्या पहिल्या दोन टीममधले २४ खेळाडू घेतले गेले होते. म्हणजे विद्यापीठाकडून खेळणं हाच व्यावसायिक लीगच्या दारात जायचा रस्ता होता. कबड्डीसाठी म्हणून एफवायलाच कॉलेज सोडणाऱ्या पोरानं हा रस्ता स्वतःच बंद केला असता.

मग करायचं काय?

रोज कॉलेजला जाणं जमत नसेल तर शिक्षण सोडायची गरज नाही, फक्त पद्धत बदलायची. १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा देता येते. पुढं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरबसल्या पदवी घेता येते. पण शालेय किंवा विद्यापीठाच्या स्पर्धा खेळायच्या असतील, तर रेग्युलर प्रवेश काढून टाकण्याआधी स्पर्धेचे नियम वाचायचे आणि आपल्या कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना व जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारायचं.

अमेरिकेतल्या पोराला निर्णयाआधी एक स्पष्ट उत्तर मिळतं, थांब किंवा जा. बीडच्या पोराला असं सांगणारी समिती नाही. अकॅडमीचा कोच सांगेल तर त्याची फी गुंतलेली असते, नातेवाईक सांगतील तर त्यांना खेळ कळत नसतो. त्यामुळं हे उत्तर स्वतःच शोधावं लागतं. गेल्या दोन वर्षांत जिल्ह्याच्या वर निवड झाली का? आपल्या वयोगटात राज्यात आपण कितवे? पळणारा असेल तर टायमिंग कमी होतंय का? फी न घेणाऱ्या, बाहेरच्या एखाद्या कोचनं खेळ बघून काय सांगितलं? या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिली की बरंच काही समजतं.

उत्तरं चांगली असतील तर जरूर पुण्याला जा, तालमीत जा, पूर्ण जोर लावा. फक्त जायच्या आधी बारावीचा फॉर्म भरलेला असू द्या. कारण इथल्या बहुतेक खेळाडूंची निवड शेवटी आयपीएलच्या स्टेजवर होत नाही, ती भरतीच्या मैदानावर होते. आणि तिथं धावायला उभं करायच्या आधी मार्कशीट मागतात.