रोटोरुआची वाफ आणि पुणे करार

नागसेनवनात एकत्र शिकलेले आम्ही चार मित्र. त्यातला एक नोकरीनिमित्त न्यूझीलंडला गेला आणि ऑकलंडला स्थायिक झाला. "या रे एकदा, जमिनीतून उकळणारे पाणी दाखवतो, माओरींचा नाच दाखवतो," असा त्याचा कित्येक वर्षांचा आग्रह. अखेर निवृत्तीनंतर आम्ही तिघे गेलो. गेलो सहलीलाच, पण आंबेडकरी माणूस सुट्टीवर गेला तरी त्याचे डोळे सुट्टी घेत नाहीत!

ऑकलंडपासून रोटोरुआ सुमारे २३० किलोमीटर. शहर दिसण्याआधी गंधकाचा वास येतो, कुजक्या अंड्यासारखा. फाकारेवारेवा या माओरी वस्तीत तर घराच्या दारापर्यंत वाफ. बायका वाफेच्या पेटीत अन्न शिजवतात, उकळत्या डोहात मक्याची कणसे सोडतात. जमीन इतकी तापलेली की थडगीसुद्धा जमिनीच्या वर बांधलेली. पलीकडे पोहुतू नावाचा गरम पाण्याचा फवारा कधी कधी तीस मीटरपर्यंत उसळतो.

अशा जागी माणसे का राहतात? १० जून १८८६ रोजी जवळच्या तारावेरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. सुमारे १२० माणसे मेली, त्यात बहुतेक माओरी. गावे राखेखाली गेली. तुहोउरांगी कुळातील वाचलेल्या माणसांना फाकारेवारेवाच्या न्गाती वाहिआओ कुळाने आपल्यात जागा दिली. त्यांची पुढची पिढी आज पाहुण्यांना वस्ती दाखवते. घर गेलेल्यांना शेजाऱ्याने जमीन द्यावी, ही गोष्ट गावकुसाबाहेर वाढलेल्या आम्हाला ऐकायलाही नवीन होती.

संध्याकाळी हाकाचा कार्यक्रम होता. पाहुण्यांमधून एकाला त्यांचा प्रमुख निवडण्याची रीत आहे. त्या दिवशी नेमकी आमच्यातल्या एकाची निवड झाली. माओरी योद्धा भाला फिरवत आला आणि त्याच्यापुढे एक डहाळी ठेवली. ती उचलली म्हणजे आम्ही मैत्रीने आलो. मग त्याने मित्राच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावले. याला होंगी म्हणतात. दोघांनी श्वास वाटून घ्यायचा, हा त्याचा अर्थ. ज्याच्या आजोबांना येसकरकीची भाकर मागताना पाटलाच्या ओट्याखाली उभे राहावे लागे, त्याच्या श्वासात एक अनोळखी माणूस आपला श्वास मिसळत होता. मित्र जागेवर येऊन बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

जेवताना मात्र वाद पेटला. एक मित्र म्हणाला, "आपण येसकरकी सोडली, पोतराजपण सोडले, वाजवणे-नाचणे सोडले. बाबासाहेबांनी सांगितले म्हणून सोडले. आणि हे लोक तिकीट लावून बापजाद्यांचा नाच दाखवतात. हा कसला स्वाभिमान?"

प्रश्न खोटा नव्हता. पण दोन्ही परंपरा एका तराजूत तोलता येत नाहीत. आपल्यावर जे लादले गेले ती गुलामी होती. ती फेकून देणे हाच स्वाभिमान. माओरींचे जे होते ते हिसकावून घेतले गेले. ते परत मिळवणे हा त्यांचा स्वाभिमान. शाळेत माओरी बोलले म्हणून त्यांच्या मुलांनी छड्या खाल्ल्या. १९७२ मध्ये तीस हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन त्यांनी संसदेवर नेले, तेव्हा कुठे १९८७ मध्ये माओरी ही अधिकृत भाषा झाली. १९७१ मध्ये ऑकलंडला पॉलिनेशियन पँथर उभी राहिली आणि १९७२ मध्ये मुंबईत आपली दलित पँथर. दोघींची प्रेरणा एकच, अमेरिकेतील ब्लॅक पँथर. आणि तिकिटाचे म्हणाल, तर नाच कोण करतो यापेक्षा रंगमंच कुणाचा, हे विचारले पाहिजे. फाकारेवारेवाची जमीन २००९ च्या कायद्याने आणि तिथली माओरी कलासंस्था २०२० च्या कायद्याने माओरींच्या हाती परत आली.

तेव्हा ऑकलंडवाल्या मित्राने खरी गोष्ट सांगितली. "गड्यांनो, नाच पाहिलात, आता मतदार यादी बघा. इथे दोन याद्या आहेत. एक सर्वसाधारण, दुसरी माओरींची. कुठल्या यादीत नाव घालायचे ते माओरी माणूस स्वतः ठरवतो. माओरी यादीतले मतदारच माओरी मतदारसंघाचा खासदार निवडतात. दुसरे मत असते पक्षाला, सगळ्यांसारखेच."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. हे तर स्वतंत्र मतदारसंघ! गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी ज्यासाठी रान उठवले, ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात जे मिळवले, आणि येरवड्याच्या उपोषणाच्या दडपणाखाली २४ सप्टेंबर १९३२ रोजी जे गमावले, तेच! पुणे करारात राखीव जागांचा आकडा १४८ झाला. पण त्या जागांवर कोण निवडून यायचे, याचा निकाल इतरांच्या मतांवर गेला. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ मागितले. कांशीरामजींनी करारानंतर पन्नास वर्षांनी 'चमचा युग' लिहिले ते याच दुखण्यावर.

स्वतंत्र मतदारसंघाने देश फुटेल, असे आपल्याला सांगितले गेले. न्यूझीलंडमध्ये माओरी मतदारसंघ १८६७ पासून आहेत. देश फुटला नाही.

अर्थात हे गोऱ्यांचे औदार्य नव्हते. मताला वैयक्तिक मालमत्तेची अट होती आणि माओरींची जमीन सामूहिक. म्हणून त्यांची चार जागांवर सोय लावली, तीही आधी पाच वर्षांपुरती. लोकसंख्या वाढली तरी १९९६ च्या निवडणुकीपर्यंत आकडा चारवरच अडकवला. १९८६ मध्ये शाही आयोगाने या जागा रद्द करण्याची शिफारस केली. माओरींनी एकजूट करून त्या वाचवल्या. २०२३ च्या निवडणुकीत अशा ७ जागा होत्या.

या जागांनी काय फरक पडतो? १८४० च्या वाइतांगी कराराचा अर्थच बदलू पाहणारे विधेयक संसदेत आले. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी हाना-राफिती माइपी-क्लार्क ही तरुण खासदार उभी राहिली, तिने विधेयकाची प्रत फाडली आणि सभागृहात हाका सुरू केला. इतर सदस्य सामील झाले, कामकाज थांबले. त्याच महिन्यात राजधानी वेलिंग्टनच्या रस्त्यावर हजारो लोक उतरले. १० एप्रिल २०२५ रोजी ते विधेयक ११ विरुद्ध ११२ मतांनी पडले. हाका करणाऱ्यांना पुढे शिक्षाही झाली. तिला सात दिवसांचे निलंबन आणि तिच्या पक्षाच्या दोन्ही नेत्यांना एकवीस दिवसांचे. त्यातले राविरी वाइतीती हे २०२० आणि २०२३ मध्ये वाइआरिकी या माओरी मतदारसंघातून निवडून आलेले. रोटोरुआ याच मतदारसंघात येते!

आम्ही तिकीट काढून पाहिलेला हाका संसदेत घुमतो, कारण तो करणाऱ्याला त्याच्याच माणसांनी निवडून दिलेले असते. निलंबन झाले तरी त्याची उमेदवारी कुणा दुसऱ्याच्या मर्जीवर नसते. आता आपल्या राखीव जागांवरून गेलेले लोकप्रतिनिधी आठवा. खैरलांजीच्या वेळी (२००६) त्यातले किती जण पक्षाचा आदेश झुगारून सभागृहात उभे राहिले? दोष फक्त त्यांचा नाही. ज्याच्या मतावर माणूस निवडून येतो, त्याच्याकडे पाहूनच तो बोलतो.

परतण्याआधी पोहुतूजवळ एक माहिती मिळाली. शहरातली हॉटेले आणि घरे नळ्या खुपसून जमिनीतली वाफ ओढत होती, त्यामुळे फवारे मंदावले. शेवटी १९८६-८७ मध्ये सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी बंद केल्या. फवाऱ्यांना पुन्हा जोर आला.

आपल्या समाजाच्या पोटातही आग आहे, वाफही आहे. पुणे करारापासून ती दुसऱ्यांच्या नळ्यांतून वाहून जात आहे आणि त्यांची घरे उबदार ठेवत आहे. आज स्वतंत्र मतदारसंघ मिळणे सोपे नाही, हे आम्हालाही कळते. पण ही मागणी मूर्खपणाची होती, देशविघातक होती, असे कुणी म्हटले तर मान खाली घालू नका. त्याला न्यूझीलंडच्या मतदार यादीकडे बोट दाखवा. आणि दर २४ सप्टेंबरला आपल्या वस्तीतल्या पोरांना एवढेच विचारा, की आपली वाफ कुणाच्या नळीतून चालली आहे?

जयभीम!