बिनशिक्क्याचं सीमोल्लंघन

२०२५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत उतरले. खिडकीपलीकडच्या तरुण अधिकाऱ्यानं माझी बोटं काचेवर ठेवून घेतली, कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं आणि सगळं झाल्यावर बाजूचा शिक्का उचलून पासपोर्टवर मारला. मी जर्मनमध्ये विचारलं, "अजून शिक्का आहे तर?" तो म्हणाला, "एप्रिलपर्यंत."

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं बाहेरच्या माणसांची ये-जा संगणकात नोंदवायला सुरुवात केली. टप्प्याटप्प्यानं सगळी नाकी त्यात आणायची आणि १० एप्रिल २०२६ पासून शिक्के थांबवायचे, असं ठरलं. त्या शिक्क्याच्या कोपऱ्यात एक बारीक चित्र असतं: विमान, मोटार, जहाज किंवा आगगाडी. माझ्या पत्र्याच्या डब्यात जुने तीन पासपोर्ट आहेत. त्यातले आगगाडीचे शिक्के मी वेळी-अवेळी काढून बघत असते. पुण्याला परतले आणि डिसेंबरच्या १४ तारखेला पॅरिसहून व्हिएन्नाला आणि बर्लिनला जाणाऱ्या ऑस्ट्रियन रेल्वेच्या रात्रगाड्या बंद झाल्याचं वाचलं. फ्रेंच सरकारनं त्यांचं अनुदान काढून घेतलं होतं. त्या रात्री डबा पुन्हा उघडला.

२००३ नंतरच्या माझ्या युरोपवाऱ्यांबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. स्वस्त विमानं, गावाबाहेरची हॉटेलं, कारखान्यांच्या बैठकांतलं दुभाषेपण. एका पर्यटन कंपनीबरोबर दोनदा गेले. आठ दिवसांत सहा देश झाले आणि लक्षात बसची खिडकी राहिली.

मला बोलायचं आहे ते १९९२ ते २००२ बद्दल. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकून मी आखेनला गेले आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे अनुवाद करत दहा वर्षं तिथेच राहिले. त्या दिवसांना आता सोनेरी म्हणायची पद्धत पडली आहे. मी म्हणणार नाही. खोली शोधताना फोनवर माझे उच्चार ऐकले की खोली "नुकतीच गेलेली" असायची. २९ मे १९९३ ला झोलिंगेनमध्ये एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं गेलं आणि त्यातल्या पाच बायका-मुली गेल्या. झोलिंगेन आमच्यापासून लांब नाही. माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी तुर्की मैत्रीण त्यानंतर कितीतरी रात्री दाराशी पाण्याची बादली भरून ठेवायची. तिचा जन्म आखेनचा, शाळा आखेनची, पासपोर्ट मात्र तुर्की. जन्मानं नागरिकत्व देणारा कायदा जर्मनीत २००० साली आला.

आखेनचं शेवटचं घर संपतं तिथे नेदरलँड्समधलं फाल्स हे गाव सुरू होतं. गावामागच्या टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम एका दगडापाशी भेटतात. टेकडी ३२२ मीटरची, पण नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवर तिच्याहून उंच काही नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तिथे चौथाही एक तुकडा होता. १८१६ साली जस्ताच्या खाणीवरून प्रशियाचं आणि नेदरलँड्सचं जमेना, म्हणून मधली जमीन दोघांनी सामाईक ठेवली. पहिल्या महायुद्धानंतर ती बेल्जियमला गेली.

मी निपाणीची. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचं गाव कुणालाही न विचारता दुसऱ्या राज्यात गेलं आणि त्या तारखेला बाबा दरवर्षी दंडाला काळी फीत बांधून फेरीत जात. कागदावरची रेघ माणसाच्या घरातून कशी जाते, हे मला शिकवावं लागलं नव्हतं. पण निपाणीहून कोल्हापूरला जाताना कुणी कागद मागत नसे. फाल्सला जायला मागत. भारतीय पासपोर्टला पलीकडच्या देशांसाठी वेगळा व्हिसा लागायचा. जर्मन मित्र-मैत्रिणी रविवारी जंगलातून टेकडीवर जात आणि दगडाला वळसा घालून तीन देश फिरून येत. तिथे ना कुंपण ना पहारा. "कोण बघतंय? ये ना," ते म्हणायचे. मी आणि माझी मैत्रीण जर्मनीच्या बाजूला दगडावर हात ठेवून उभ्या राहायचो. त्यांना तो आमचा भित्रेपणा वाटायचा. एक चूक झाली तर मुक्कामाचा परवाना जाईल, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही आणि त्याचा राग माझ्या मनात आजही आहे.

२६ मार्च १९९५ ला आपापसातल्या हद्दींवरची तपासणी उठवणारा शेंगेन करार सात देशांत लागू झाला. रविवार होता. त्याच पहाटे घड्याळं तासभर पुढे सरकली होती, त्यामुळे झोप अपुरी. वर्तमानपत्रात स्पष्ट छापलं होतं: एका देशाचा मुक्कामाचा परवाना असेल, तर इतर सहा देशांत तीन महिन्यांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येईल. तरी आम्ही दोघींनी परवाने बरोबर घेतले. दगडापाशी पोचलो, क्षणभर थांबलो आणि पाऊल पुढे टाकलं. काहीच झालं नाही. एक डच कुटुंब कुत्र्याला घेऊन बाजूनं गेलं. मला दसरा आठवला. शीव ओलांडली की सोनं द्यायचं असतं. आपटा कुठला असणार? बीच झाडाचं एक वाळकं पान उचलून मी तिच्या हातावर ठेवलं आणि सीमोल्लंघन म्हणजे काय ते सांगितलं. ती रडली. मग आम्ही पलीकडच्या कॅफेत लिंबुर्ग प्रांताकडची वाटोळी 'पाय' (pie) खाल्ली, तांदळाची घट्ट खीर भरलेली, थेट आईच्या हातच्या खिरीची आठवण देणारी. पैसे मार्कांत दिले.

त्या दिवसाचा शिक्का माझ्या कुठल्याच पासपोर्टवर नाही. मारायला कुणी नव्हतंच.

पुढची सात वर्षं मी मिळेल त्या सुट्टीत गाडीत असायचे. थॉमस कुकचं युरोपीय रेल्वेचं वेळापत्रक, १८७३ पासून चालत आलेलं, आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी असे. कोलोनहून व्हिएन्नाला रात्रगाडीनं जायचं, सहा बर्थच्या कप्प्यात. झोपण्याआधी कंडक्टर सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून न्यायचा, म्हणजे हद्दीवर झोपमोड नको. पासपोर्ट दुसऱ्याच्या हाती देऊन झोपणं मला पहिल्या दोन वेळा जमलं नाही. पुढे जमलं. १९९७ च्या डिसेंबरापासून करार ऑस्ट्रियातही टप्प्याटप्प्यानं लागू झाला आणि पुढे एका रात्री कंडक्टर फक्त तिकीट बघून निघून गेला. मी बराच वेळ जागी होते, आता येईल म्हणून.

नाणी फिल्मच्या रिकाम्या डब्यांत असायची, देशागणिक एक डबी, झाकणावर नाव. डच पन्नास गिल्डरच्या नोटेवर सूर्यफूल होतं, जर्मन दहा मार्कांच्या नोटेवर गणितज्ञ गाउस. इटलीच्या हजार लिराच्या नोटेवर मारिया मॉन्टेसरी पाहिली, तेव्हा मी मिलानच्या स्टेशनात थबकले. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं या बाईंनी भारतात काढली होती. त्यांची पद्धत ताराबाई मोडकांनी आपल्या मातीत रुजवली, बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेली. माझी आई निपाणीत बालवाडी चालवायची. तिच्या भिंतीवर या दोघींचे फोटो होते. ती नोट मी मोडली नाही, आईला पाठवली. १ जानेवारी २००२ ला युरोच्या नोटा हाती आल्या. त्यांवरचे पूल आणि कमानी तेव्हा जगात कुठेच नव्हत्या, कुणा एका देशाला झुकतं माप नको म्हणून कल्पनेतून काढलेल्या. सोय झाली, हे खरं. पण कुठल्याच गावाची नसलेली कमान मी कुणाला पाठवणार होते? त्याच वर्षअखेरीला मी पुण्याला परतले.

आता व्हिसाचे नव्वद युरो भरायचे, भेटीच्या वेळेसाठी आठवडे थांबायचं, बँकेची पानं जोडायची. एप्रिल २०२४ पासून नियमानं आधीचे व्हिसे वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा, पुढे पाच वर्षांचा व्हिसा देण्याची सोय झाली, हे चांगलंच. पण ज्या पोरांनी अजून एकदाही विमानात पाय ठेवलेला नाही, त्यांचं काय? आणि आतली दारंही पुन्हा लोटली जात आहेत. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली, ९ डिसेंबरपासून नेदरलँड्सनं. ज्या रेघेवर १९९५ च्या त्या रविवारी कुणीही नव्हतं, तिथे आता कधीही कुणी हात दाखवून थांबवू शकतं.

माझी भाची सध्या आखेनला शिकते. नोव्हेंबरात तिला म्हटलं, चल, फाल्सला खिरीची पाय खाऊ. बसनं वीस-पंचवीस मिनिटं. मी खिडकीतून जुनी दुकानं शोधत होते. हद्द जवळ आली तशी तिनं जॅकेटचा खिसा चाचपला, मग बॅग.

"मावशी, तुझा पासपोर्ट वर काढून ठेव ना."

मी काढला. पायच्या दुकानापर्यंत तो मांडीवर तसाच होता.