डोळ्याच्या पडद्यातला हमाल

‘साहेब, फळ्यावरचं दिसत नाही म्हणतो. दोनदा चष्मा बदलला. पण गल्लीत सायकल मात्र बिनधास्त चालवतो. त्याच्या आईला वाटतं, अभ्यास टाळायची नाटकं आहेत.’

चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन वडील आले होते. मी तेव्हा ग्रामीण भागात नोकरीला होतो. डोळ्यांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. मुलगा किडकिडीत. ‘डोळे कमजोर म्हणजे अ जीवनसत्त्व कमी’ हे समीकरण माझ्या डोक्यात पक्के होते. मी मोठ्या मात्रेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि संपल्या की पुन्हा घ्यायला सांगितल्या. जवळजवळ वर्षभर त्याने त्या नेमाने घेतल्या.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांनी औषध घालून बाहुली मोठी केली आणि डोळ्याचा पडदा तपासला. मध्यभाग झिजलेला, भोवती पिवळसर ठिपके. निदान झाले स्टारगार्ट रोगाचे. चिठ्ठीवर त्यांनी पहिली ओळ लिहिली होती, ‘अ जीवनसत्त्व ताबडतोब बंद.’

ज्या जीवनसत्त्वाअभावी रातांधळेपणा येतो, तेच या मुलाला वर्ज्य का? उत्तर पडद्यातल्या पेशींच्या आवरणात आहे.

आपल्या प्रत्येक डोळ्यात सुमारे 12 कोटी दंडपेशी आणि 60 लाख शंकुपेशी असतात. दंडपेशी अंधूक उजेडात काम करतात. शंकुपेशी रंग आणि बारकावे टिपतात. दंडपेशीच्या टोकाला चपट्या चकत्यांची चळत असते. एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांसारखी, पण जवळजवळ हजार. चकतीचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते आणि त्यात प्रथिने रुतलेली असतात. त्यांतले बहुतांश ऱ्होडॉप्सिन. 348 अमिनो आम्लांची ही साखळी आवरणातून सात वेळा आरपार जाते. तिच्या पोटात अ जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल नावाचा रेणू बसलेला असतो. प्रकाश पडला की त्याचा आकार बदलतो आणि मेंदूकडे संदेश निघतो.

अशी प्रथिने ओळखणे सोपे नाही. तेलकट आवरणात रुतलेली असल्याने ती पाण्यात विरघळत नाहीत. तुपाचे भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो, तसेच हे. 1870 च्या दशकात जर्मनीत विल्हेल्म क्यूने यांनी पित्तातल्या क्षारांचा साबणासारखा वापर करून पडद्यातले लालसर द्रव्य वेगळे केले. तेच आजचे ऱ्होडॉप्सिन.

पण चकतीत आणखी कोणी होते. 1978 मध्ये अमेरिकेत डेव्हिड पेपरमास्टर आणि सहकाऱ्यांना बेडकाच्या दंडपेशीत एक अवाढव्य प्रथिन आढळले. ते चकतीभर पसरलेले नव्हते, फक्त कडांशी होते. ते तिथे काय करते, हे जवळजवळ वीस वर्षे कोडेच राहिले. 1997 मध्ये दोन वाटा एकत्र आल्या. एकीकडे स्टारगार्ट रोगाच्या कुटुंबांमध्ये सदोष जनुक सापडले. दुसरीकडे कॅनडात व्हँकुव्हर येथे रॉबर्ट मोल्डे यांच्या प्रयोगशाळेने गुरांच्या डोळ्यांतून ते कडेचे प्रथिन शुद्ध करून त्याची ओळख पटवली. दोन्ही एकच निघाले. आज त्याला एबीसीए-4 म्हणतात.

त्याचे काम हमालाचे. प्रकाश लागलेले रेटिनल ऱ्होडॉप्सिनमधून सुटते. त्यातले काही चकतीच्या आतल्या बाजूला स्निग्ध रेणूला चिकटून अडकते. एबीसीए-4 ते उचलून बाहेर टाकते, म्हणजे त्याचा पुन्हा वापर होतो. हमालच नसेल, तर अडकलेले रेणू जोडीजोडीने एकत्र येऊन न पचणारा गाळ बनतो. चकत्यांची टोके रोज झडतात आणि मागच्या थरातल्या पेशी ती गिळतात. गाळही त्यांच्याच पोटात साठतो. त्या मरतात, आणि त्यांच्या आधारावर जगणाऱ्या प्रकाशपेशीही मरतात. पडद्याचा मध्यभाग आधी जातो, म्हणून फळा दिसत नाही. कडा शाबूत राहतात, म्हणून सायकल चालवता येते. मुलगा नाटक करत नव्हता.

आणि मी काय केले होते? गोदामात माल उचलणारा नसताना दारात आणखी माल उतरवला होता. त्या वर्षभराने नेमके किती नुकसान केले, हे मोजता येत नाही. पण ती चिठ्ठी माझी होती.

इथे गैरसमज नको. नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना सरकारी कार्यक्रमात मिळणारे अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस जरूर द्यावेत. गाजर, पालेभाज्या, दूधही बंद करायचे नाही. स्टारगार्टच्या रुग्णाने टाळायच्या त्या जास्त मात्रेच्या गोळ्या आणि कॅप्सूल.

यावर खात्रीचा इलाज अजून नाही. आरपीई-65 या दुसऱ्या जनुकातल्या दोषावर अमेरिकेत 2017 मध्ये जनुकोपचाराला मान्यता मिळाली. पण एबीसीए-4 मध्ये 2273 अमिनो आम्ले आहेत. त्याचे जनुक इतके लांब, की त्या उपचारात वापरलेल्या विषाणूच्या पिशवीत ते मावत नाही.

त्या मुलाचे आईवडील आते-मामे भावंडे. दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत, म्हणून दोघांचीही नजर उत्तम. पण अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता 25 टक्के. नात्यात लग्न ठरवताना घरात कुणाची नजर लहानपणी गेली आहे का, एवढे तरी विचारावे.

मुलाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळाले, परीक्षेला लेखनिक मिळाला, उन्हात काळा चष्मा आला. आईने त्याला रागावणे थांबवले, ही त्याच्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट.

आता ‘डोळे कमजोर’ म्हणून कोणी मुलाला घेऊन आले, की मी पेन उचलण्याआधी एक प्रश्न विचारतो, ‘बाळा, रात्री दिसत नाही, की समोरचं दिसत नाही?’ आणि उत्तर काहीही असो, पडदा तपासून घ्यायला पाठवतो.