मोबाइलवरचा भरवसा गावातच तयार होतो

शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक म्हटलं की छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते. गोविंद गोपाळ यांची समाधीही याच गावात आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस तिथल्या एका फलकावरून वाद झाला. काही दिवसांतच, १ जानेवारी २०१८ ला, जवळच्या कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार उसळला आणि एका तरुणाचा जीव गेला. तेव्हापासून १ जानेवारी जवळ आली की पोलीस सोशल मीडियावर नजर ठेवतात, अफवा पसरवू नका म्हणून सांगतात.

शेजारच्या दौंड तालुक्यात, यवतला, १ ऑगस्ट २०२५ रोजी एका आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव रस्त्यावर आला. दगडफेक, जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. पोस्ट एकाची, झळ मात्र सगळ्या गावाला. म्हणून हा विषय आपल्या प्रत्येक घराचा आहे.

मग आपण करायचं काय? आधी मेसेज नीट बघायचा. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण दिसली, तर तो मेसेज पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरून आलाय. पाठवणारा आपला मामेभाऊ असला, तरी लिहिणारा कोण हे त्यालाही माहीत नसतं. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच निरपराध भटक्यांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली.

आपली एक चूक नेहमीची आहे. ‘बघा, आपल्याबद्दल काय लिहिलंय’ म्हणत आपण वाईट पोस्ट स्वतःच दहा जणांना पाठवतो. निषेधासाठी पाठवली तरी ती पसरतेच. त्यापेक्षा स्क्रीनशॉट घ्या, तो पोलिसांना दाखवा आणि पोस्ट तिथेच थांबवा. तातडीचं असेल तर ११२ ला फोन करा.

ग्रुप ॲडमिनही घाबरलेले असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्याच्या पोस्टमागे ॲडमिनचाही समान हेतू नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला दोषी धरता येत नाही. पण आपण स्वतः ठेवलेल्या स्टेटसची जबाबदारी आपलीच. हे घरातल्या पोरांना समजावून सांगायला हवं. वातावरण तापलं असेल तर ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही सेटिंग लावता येते.

पण एवढ्याने भागत नाही. अफवा आली की फोन करून विचारता येईल, असा माणूस पलीकडच्या आळीत लागतो. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला मोठ्या दंगली झाल्या. पुढे १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांसोबत नियमित बसू लागली. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तेव्हा मोबाइल नव्हते, ओळख होती.

खेड्यात हीच जागा ग्रामसभेची आहे. कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि त्याआधी महिलांची सभाही. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. आपण कब्रस्तानाच्या रस्त्याचं काम असलं की जातो, एरवी फिरकत नाही. पाणी, शाळा, गटार यांवरही आपण बोललो, तर गाव आपल्याला नावाने ओळखेल. नावाने ओळखणारा माणूस अफवेवर विश्वास ठेवण्याआधी एकदा विचारतो, ‘चाचा, हे खरं आहे का?’

आजच फोनमध्ये पोलीस पाटील, सरपंच आणि दुसऱ्या समाजातल्या एका शेजाऱ्याचा नंबर जपून ठेवा. आणि पुढच्या ग्रामसभेला घरातल्या बायकांसह जा.