लॅपटॉप उघडेना? आधी कुलूप ओळखा

घरात लॅपटॉप एक, वापरणारे पाच. पासवर्ड ठेवणारा मुलगा नोकरीला बेंगळुरूला गेला, की धाकटीच्या प्रोजेक्टपासून आजोबांच्या फोटोंपर्यंत सारे अडकते.

अशा वेळी पासवर्ड कधी मागितला जातो, ते पाहावे. विंडोज सुरू झाल्यावर मागत असेल तर फारसे घाबरू नये. आपल्या घरांत कळफलक कधी कन्नडवर, कधी मराठीवर राहून जातो. कोपऱ्यातली भाषेची खूण आधी तपासावी. मायक्रोसॉफ्टचे खाते असेल तर नवा पासवर्ड मोबाईलवरूनही करता येतो.

बटण दाबताच, विंडोजच्या आधीच मागणी आली, तर ते बायोसचे कुलूप. विंडोज नव्याने टाकून ते निघत नाही. जुन्या डेस्कटॉपमधली नाण्याएवढी बॅटरी काढली की ते बहुधा सुटे. पुष्कळ लॅपटॉपांत मात्र पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो. तिथे खरेदीची पावती घेऊन कंपनीचे सेवा केंद्र गाठणेच बरे.

‘फॉरमॅट मारतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला ‘स्वल्प तडीरी’ म्हणून थांबवावे. डिस्क काढता येण्याजोगी असेल तर दुसऱ्या संगणकाला जोडून फोटो उतरवता येतात. त्यावर बिटलॉकर असेल तर ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुतेकदा मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. म्हणजे फोन बेंगळुरूलाच लावायचा.